रेतीचा शेक आणि लांब रोट्या

लेकीच्या लग्नात यांनी माझ्या ताटातली पुरी तोडून दिली आणि तिथून सगळं सुरू झालं.

यांनी म्हणजे माझ्या नवऱ्याने. तुळशीचं लग्न आटोपल्यावर लगेचच आमच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. सगळं छान पार पडलं आणि शेवटी व्याही-विहिणींची पंगत बसली. ताटाभोवती रांगोळी, बाजूला उदबत्ती आणि ताटात टम्म फुगलेली पुरी. माझी बोटं त्या दिवशी सकाळपासून आखडली होती. पुरी तोडायची तर दोन बोटं आणि अंगठा एकत्र यायला हवेत, तेवढंही जमत नव्हतं. घरी माझी पोळी हेच तोडून देत. त्यांना त्याची इतकी सवय झाली होती की व्याह्यांशी कापसाच्या भावावर बोलता बोलता त्यांचा हात माझ्या ताटात आला, पुरीचे तुकडे करून परत गेला. आपण काय केलं हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. माझ्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या विहीणबाईंना मात्र कळलं.

"काहून हो विहीणबाई, हाताले काय झालं?"

"सांधेवात आहे."

"कवापासून?"

"झाली काही वर्षं."

त्यांनी वांग्याची भाजी वाढून घेतली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "लोकं म्हणते का हे आईपासून पोरीत उतरते."

विहीणबाई भिवापूरच्या. घरची मिरचीची शेती, बोलणं तसंच, आडपडदा नाही. पण आज ज्या लेकीचा हात मी त्यांच्या मुलाच्या हातात दिला, तिच्याबद्दल तिच्याच लग्नाच्या पंगतीत हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. चिडले की माझा आवाज वर्गातला होतो.

"उन्हाळ्यात रसाले या, विहीणबाई," मी म्हटलं. "लांब रोट्या खाऊ घालते. माझ्या हातच्या."

यांचा घास घशात अडकला. त्यांना पाणी प्यावं लागलं.

आमच्याकडे लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जावयाला आणि व्याह्यांना आंब्याच्या रसाचं जेवण द्यायचं असतं. रसाबरोबर साधी पोळी चालते, पण जिच्या हातात कसब आहे ती बाई लांब रोटी करते. गव्हाचं सैल पीठ परातीत आपटून आपटून त्याला तार आणायची, ओल्या हाताने गोळा उचलून दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या माठावर टाकायचा. क्षणभरात रोटी होते, रुमालासारखी पातळ. माझ्या आईने आम्हा दोघी बहिणींना हे लहानपणी शिकवलं. मोठी बहीण रोटी बरी करायची, मी तिच्याहून चांगली करायची, आणि हे ती आजही कबूल करत नाही. या कामाला बोटं, मनगट, कोपर, खांदा, सगळं लागतं. माझ्याजवळ त्यातलं काहीच धड उरलं नव्हतं.

माझे आजार एकामागून एक असे आले जसे काही ठरवूनच आले. आधी थायरॉईड, मग बीपी, मग साखर, आणि सगळ्यांच्या शेवटी आलेला सांधेवात घराचा मालक होऊन बसला. प्रत्येकाची गोळी वेगळी, त्या गोळ्यांनी पोटात आग व्हायची म्हणून त्याचीही एक गोळी. आमचे डॉक्टर चांगले. त्यांच्या गोळ्यांनीच मी उभी होते हे मला कळत होतं. पण उभं राहणं आणि जगणं यांत फरक आहे. सकाळी उठले की मूठ उघडायला बराच वेळ जायचा. वेणी हे घालून द्यायचे, ती अशी की शाळेतल्या मुलींनी पाहिली असती तर हसून लोळल्या असत्या. हातात खडू धरवेना म्हणून मी मुदतीआधीच नोकरी सोडली होती, आणि त्याचं दुःख मी कोणालाच दाखवलं नव्हतं.

लग्नाहून घरी आल्यावर हे म्हणाले, "पोळ्यावालीले सांगून देऊ. ऑर्डरवर मिळते आजकाल लांब रोट्या."

"माझ्या हातच्या म्हटलं मी. ऐकलं नाही काय तुम्ही?"

"ऐकलं ना. म्हणूनच सांगून राहिलो."

रागाने बोलून गेले होते खरी, पण मागे घ्यायची माझी तयारी नव्हती. त्या रोट्या जमल्या नाहीत तर विहीणबाई काय म्हणतील यापेक्षा माझी लेक त्या घरात कोणत्या नजरेने पाहिली जाईल, याची मला धास्ती होती. आजारी आईची पोर. आज नाही तर उद्या हिचंही असंच होणार. हे त्या घराच्या मनात राहू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंनी वैद्यबाईंचं नाव सांगितलं. लकडगंजात लाकडाच्या वखारींमागे एक जिना चढून त्यांचा दवाखाना. खाली लाकूड कापायची आरामशीन घरघरत असते, जिन्यावर सागवानाचा भुसा उडत असतो. वैद्यबाई चाळिशीच्या असतील. नाडी पाहताना त्यांनी डोळे मिटले नाहीत, उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत राहिल्या. मला तेच बरं वाटलं. जीभ पाहिली, पोट दाबलं, आणि मग प्रश्न सुरू झाले. भूक कधी लागते, झोप कशी आहे, दुपारी लवंडता का, घाम येतो का.

"राग येतो का?"

"मॅडम," हे मागून म्हणाले, "येतो कुठून? गेला तर येईल ना."

वैद्यबाई हसल्या. मी यांच्याकडे पाहिलं आणि ते गप्प झाले.

सगळं सांगून संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काकू, बरं वाटल्यावर काय करायचं आहे तुम्हाला?"

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. कुठे दुखतं, किती दुखतं, हेच सगळे विचारत. मी म्हटलं, "लांब रोट्या. आंब्याच्या दिवसांत." आणि सांगता सांगता माझे डोळे भरून आले. त्याचाही मला राग आला.

त्यांनी माझी बोटं एकेक करून हातात घेतली. "जी वाकली ती सरळ होणार नाहीत. आजार मुळापासून जाईल असंही मी म्हणणार नाही. पण सूज आणि आखडणं कमी करता आलं तर रोटी होईल. पाहू आपण." मग त्यांनी माझा गोळ्यांचा डबा टेबलावर पालथा करायला लावला, एकेक पट्टी उलटून पाहिली. "यातली एकही गोळी माझ्या औषधामुळे बंद करायची नाही. आणि मी काय देते आहे ते तुमच्या डॉक्टरांना जाऊन सांगायचं."

इथे मी चपापले. आमच्या नागपुरात अर्धं गाव दोन्हीकडे जातं आणि दोघांनाही पत्ता लागू देत नाही. डॉक्टरांपुढे काढ्याचं नाव नाही, वैद्यांपुढे गोळीचं नाव नाही, आणि मग पोटात दोन्ही एकत्र येऊन जो गोंधळ घालतात त्याला नशीब म्हणायचं. मीही तेच करणार होते. पण वैद्यबाईंनी अट घातली होती. मी डॉक्टरांकडे गेले आणि शाळेत चोरी पकडली गेलेल्या मुलीसारखी सगळं सांगून टाकलं. त्यांनी भुवया वर केल्या, औषधांची नावं विचारून घेतली आणि म्हणाले, "घ्या, पण रक्त तपासत राहू. आणि खाणं बदललं की साखर खाली येईल, घरी मोजत जा." मी उगाच घाबरले होते.

तर वैद्यबाईंचं चालू झालं. सुंठेचं गरम पाणी, गुग्गुळाच्या गोळ्या, सुंठेच्या काढ्यातून थोडं एरंडेल. दही बंद, उडीद बंद, शिळं बंद, दुपारची झोप बंद. ज्वारीची भाकरी, मूग, कुळथाचं कढण, शेवगा. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच. रविवारचे तर्री-पोहे बंद झाले तेव्हा माझ्याआधी हेच रडकुंडीला आले, कारण मी समोर बसले असताना त्यांना एकट्याने खायची लाज वाटायची.

"आणि सांध्यांना काय लावता?" वैद्यबाईंनी विचारलं होतं.

हे मी अभिमानाने सांगितलं. माझी मोठी बहीण पारशिवनीजवळच्या खेड्यात राहते. मोहाच्या बियांचं तेल, ज्याला आम्ही टोळीचं तेल म्हणतो, ते ती स्वतः गाळून आणायची. माझा हात दुखायला लागल्यापासून दर थोड्या दिवसांनी एसटीने बाटली घेऊन यायची आणि स्वतः बसून माझे हात रगडून द्यायची. माझ्या आजारात एवढं कोणी केलं नव्हतं.

"तेल बंद," वैद्यबाई म्हणाल्या.

"अहो, माझी बहीण..."

"काकू, तळण केलेली चिकट कढई तुम्ही तेलाने घासता की राखेने?"

"राखेने."

"तुमच्या सांध्यांत आत्ता तसाच चिकटा आहे. आम म्हणतो आम्ही त्याला. म्हणून हा आमवात. दुसऱ्या वाताला तेल चांगलं, याला नाही. याला कोरडा शेक. रेती तापवायची, फडक्यात बांधायची आणि शेकायचं."

म्हणजे इतकी वर्षं माझी बहीण जीव लावून जे करत होती ते माझ्या सांध्यांना नको होतं. दुखलं की आम्ही तेल लावतो, आणखी दुखलं की आणखी लावतो. आमच्या घरात तेलाने वाईट होऊ शकतं हे कोणाच्या मनातही आलं नसतं.

रेती आणायचं काम यांच्याकडे आलं. आमच्या गल्लीत एक इमारत उभी राहत होती, समोर रेतीचा ढीग पडलेला. हे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन गेले. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि ढिगाशी उकिडवा बसून पिशवी भरतो आहे. चौकीदाराने हटकलं.

"क्या चाहिए अंकल?"

"दवाई," हे म्हणाले.

चौकीदाराने यांच्याकडे असं पाहिलं की ते घरी येऊन बराच वेळ हसत होते. रेतीत शंख, खडे आणि एक विडीचं थोटूक निघालं. मी माझी पिठाची चाळणी द्यायला तयार नव्हते, पण द्यावी लागली. मग सकाळ-संध्याकाळ हे कढईत रेती तापवायचे, पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून पाहायचे आणि मग माझ्या बोटांवर ठेवायचे. पहिल्या दिवशी ती ऊब मनगटात उतरली तेव्हा मला बरं वाटलं. चांगलं म्हणत नाही, बरं. ते मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बहिणीला फोनवर सांगितलं.

"म्हंजे माह्या तेलानं तुले आजार झाला?"

"तसं नाही वं ताई..."

"मंग कसं वं? रेती लावते म्हंते. घराचा स्लॅब टाकून राहिली का हाताचा?"

तिने फोन ठेवला. तिचं येणं थांबलं.

थंडीत हुरडा आला तशी मीच तिच्याकडे गेले. तिला समजावावं, रुसवा काढावा, म्हणून. शेतात आगटी पेटली होती, गरम गरम हुरडा हातावर चोळून ती माझ्या पुढ्यात टाकत होती, आणि बाजूला चटणी आणि घट्ट दही. ती मान खाली घालून नुसती वाढत होती. न खाऊन चाललंच नसतं. मी खाल्लं, दह्यासकट. मग तिने बाटली काढली. "आज लावू दे. माह्या समाधानासाठी." मी हात पुढे केले. बहिणीच्या मांडीवर हात ठेवून ऊन खात बसण्यात जे सुख आहे ते नाकारण्याएवढी मी मोठी नाही. ती रगडत होती, आईच्या आठवणी काढत होती, मध्येच हसत होती. रुसवा गेला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मूठ उघडेना. बोटं सुजून गच्च झाली. साखर वर, सांधे गरम. मी पलंगावर बसून रडले. इतके दिवस नेटाने केलेलं एका दुपारी घालवलं, असं वाटलं. बहीण दारात उभी राहून पाहत होती. तिने आपल्या हातांनी माझी वेणी घातली, मला चहा पाजला आणि एसटीत बसवून दिलं. एसटीत मला वाटलं, आता रोट्या नाहीत. विहीणबाईंना काय ते सांगून टाकू.

वैद्यबाई रागावल्या नाहीत. "दह्याने काय होतं ते मी कितीही सांगितलं असतं तरी तुम्हाला पटलं नसतं. आता तुमच्या हातानेच सांगितलं," एवढंच म्हणाल्या, आणि काही दिवस नुसतं मुगाचं कढण आणि सुंठ असं पथ्य दिलं. हे रोज रेती तापवत राहिले. सूज उतरली.

मग एके दिवशी सकाळी दार वाजलं. बहीण. काखेत पिशवी, चेहरा लाल, बसस्टँडवरून ते ओझं घेऊन पायी आलेली.

"पेंचची आहे," तिने पिशवी दाणकन खाली ठेवली. "नदीतच धुतली, आंगणात वाळवली. भाऊजीच्या त्या बिल्डिंगच्या रेतीत विड्या निंगते म्हंते. असं लावतात काय कोणी हाताले?"

मी तिच्या गळ्यात पडले. तिने मला ढकलल्यासारखं केलं आणि मग धरून ठेवलं. त्या दिवसापासून ती आली की तीच रेती तापवायची, आणि पुरचुंडी कशी धरायची यावरून तिची आणि यांची भांडणं व्हायची.

थंडी ओसरली तसं मला जाणवायला लागलं. आधी सकाळचं आखडणं कमी झालं. मग एक दिवस डब्याचं झाकण उघडलं, आणि उघडल्यावर कळलं की ते मीच उघडलं. मी झाकण पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. हे पेपर वाचत होते, त्यांना म्हटलं, "पाहा." ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "झाकण." त्यांनी पेपर खाली ठेवला. होळीनंतर मी माझी वेणी मीच घातली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, वेदनेची गोळी बंद केली, साखरेची कमी केली, थायरॉईड आणि बीपीची आहे तशीच ठेवली. "हे तुमच्या त्या वैद्यबाईंना दाखवा," असंही म्हणाले. मी तो कागद घेऊन रिक्षाने थेट लकडगंजला गेले. आरामशीनच्या आवाजात वैद्यबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. मला शाळेत कधी पहिला नंबर मिळाला नव्हता, पण मिळाल्यावर असंच वाटत असणार.

चैत्रात मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली, माठ उलटा टाकला आणि सुरुवात केली. पहिल्या रोट्या फाटल्या. हातावर घेतलेलं पीठ मनगटावरून घसरून चुलीत पडलं. हे सगळ्या फाटक्या रोट्या न बोलता खात होते. मी चिडायचे, परात आपटायचे, संध्याकाळी रेतीने शेकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवायचे. वाकलेली दोन बोटं आईने शिकवल्यासारखी पसरत नव्हती. मग मी पीठ बोटांवर न घेता मनगटाच्या आतल्या बाजूवर घ्यायला लागले. आईने पाहिलं असतं तर म्हणाली असती, हे काय नवीन. पण रोटी उतरायला लागली.

लेकीचा फोन यायचा. "आई, तू काहून जिद्द करून राहिली? सासूबाई रोजच विचारते, आईचा हात कसा आहे."

"त्यांना म्हण, या आणि पाहा."

वैशाखातला रविवार ठरला. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, सकाळीच गल्लीत कोणी दिसत नव्हतं. लेक, जावई, व्याही आत कूलरसमोर बसले. विहीणबाईंनी मात्र लाल मिरच्यांची पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि सरळ मागच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत पाट टाकून बसल्या. "करा तुम्ही. मी पाहते."

बहीण चुलीशी होती. मी परातीपुढे बसले. पीठ पहाटेच भिजवलं होतं. ते आपटताना मनगटातून कळ गेली आणि मला घाम फुटला. विहीणबाई स्वतः रोट्या करणाऱ्या, त्यांना माझी एकूण एक चूक दिसणार होती. पहिला गोळा उचलला, झुलवला, आणि तो मधूनच फाटला. बहिणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने तो तुकडा उचलून चुलीत टाकला आणि म्हणाली, "पहिली अग्नीची असते. माय टाकत होती ना? टाक दुसरी."

दुसरी उतरली. कोपरापर्यंत लांबली, माठावर पडली, फुगली, सुटली. मग तिसरी. मग मला मोजायचं भान राहिलं नाही. पाण्याचा हात, गोळा, मनगट, झुलवणं, माठ. बहीण काढत होती, घडी घालत होती. हात दुखत होते आणि ते माझंच ऐकत होते. मला इतका आनंद होत होता की मी मोठ्याने हसले, आणि आतून जावई काय झालं ते पाहायला धावत आला.

शेवटचा गोळा संपला तेव्हा विहीणबाई उठल्या. माझे पीठ लागलेले हात त्यांनी हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले.

"बोटं तं वाकडीच आहे अजून."

"आहेतच," मी म्हटलं. "राहणारही तशीच. गोळ्याही चालू आहेत. पण बोटं कामाला लागतात आता."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माह्या मायले होतं हे. शेवटी पाणी पण हातानं पेता नाही आलं तिले. आता सकाळी उठली का माहे अंगठे नाही वळत. घरी नाही सांगितलं कोणाले. लग्नात तुमचा हात पाहिला अन् भेव वाटलं, तं तोंडातून तसं निंगालं."

मी इतके महिने त्या वाक्यावर जळत होते. सगळा राग उतरला आणि त्याची जागा मायेने घेतली. "जेवण झाल्यावर बसा माझ्याजवळ," मी म्हटलं. "लकडगंजला उद्याच जाऊ. आणि तुमच्या डॉक्टरांपासून लपवायचं नाही, सांगून ठेवते."

"कोणत्या तेलानं उतरलं जी हे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बहीण बोलली. "तेलानं नाही उतरत हे. तेल लावूच नका बाई. रेती. अन् कुठलीही नाही, आमच्या पेंचची." एवढं ठासून बोलली जशी ही विद्या तिच्या सासरचीच. मी मान खाली घालून हसू दाबलं.

जेवणाला सगळे ओळीने बसले. रसाच्या वाट्या, त्यात तूप, वरून सुंठेची चिमूट. रसावर सुंठ आई पण टाकायची, ते औषध आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. माझ्या वाटीत दोन चमचे रस होता, तेवढीच परवानगी होती, आणि तो मला पुरणार होता. लेक वाढत होती. तिने तिच्या सासूच्या ताटात दुसरी रोटी टाकली तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "तुह्या मायची शिकून घे. पुढच्या साली आमच्याकडे तू करशील." लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला अभिमान होता.

माझ्या ताटात रोटी आली. यांचं व्याह्यांशी बोलणं रंगलं होतं, पुन्हा कापूसच. बोलता बोलता त्यांचा हात सवयीने माझ्या ताटात आला.

मी तो हात चापट मारून बाजूला केला. "सरका तिकडे," मी म्हटलं, वर्गातल्या आवाजात, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं. "माझी रोटी मी तोडते."

आणि तोडली.